तारण गमावता येते काय? : एका ख्रिस्ती वादाची भाषिक चिकित्सा

ख्रिस्ती धर्मशास्त्रातील जे वाद शतकानुशतके मिटले नाहीत, त्यांत तारणाच्या शाश्वतीचा वाद अग्रभागी आहे. ख्रिस्तावरील श्रद्धेने ज्याला एकदा तारण लाभले, त्याला ते पुढे गमावता येते काय, असा हा प्रश्न. एक पक्ष म्हणतो, ईश्वर दिलेले दान परत घेत नाही. दुसरा म्हणतो, दान घेणाऱ्याला ते टाकून देण्याची मोकळीक असतेच. दोन्ही पक्ष एकाच ग्रंथाचा आधार घेतात आणि दोघांनाही अनुकूल वचने त्यात सापडतात. या वादाचा निवाडा करणे हा भाषाशास्त्राचा अधिकार नव्हे. परंतु ज्या वचनांवर वाद उभा आहे त्यांची रचना काय सांगते आणि काय सांगत नाही, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ते पाहू गेल्यास असे आढळते की, वादातील बराचसा ताण ‘तारण’ या नामाने निर्माण केला आहे. नाम उच्चारले की वस्तूची कल्पना येते, आणि वस्तू म्हटली की ती हरवेल किंवा हरवणार नाही एवढेच दोन पर्याय उरतात. नव्या करारातील ग्रीक भाषा मात्र निर्णायक स्थळी अनेकदा नामाने नव्हे, क्रियापदाने बोलते.

हा प्रश्न केवळ पाठशाळेतला कधीच नव्हता. इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियस याच्या आज्ञेनुसार रोमन साम्राज्यातील प्रजेला देवांपुढे बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागले. अनेक ख्रिस्ती लोकांनी भयाने बळी दिला. काहींनी बळी न देताच पैसे चारून प्रमाणपत्र मिळविले. छळ ओसरल्यावर हीच माणसे मंडळीच्या दाराशी परत आली. त्यांना आत घ्यावे की नाही? कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि २५१ मध्ये तेथे भरलेली परिषद यांनी प्रायश्चित्तानंतर परतीचा मार्ग मोकळा ठेवला. रोममधील नोव्हेशियनने तो नाकारला आणि स्वतंत्र पंथ उभा राहिला. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांना काय सांगावयाचे, हा या वादातील खरा प्रश्न तेव्हाही होता व आजही आहे.

नोव्हेशियनच्या अनुयायांनी पुढे ज्या वचनाचा आश्रय घेतला, ते ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील चौथ्या ते सहाव्या ओवीत आहे. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि नंतर पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाप्रत आणणे अशक्य आहे, असा त्याचा आशय. येथे ग्रीक वाक्याची बांधणी लक्षपूर्वक पाहावी लागते. ‘अशक्य’ हा शब्द आरंभी येतो. त्यानंतर एकाच निश्चयवाचक उपपदाच्या छत्राखाली पाच धातुसाधिते ओळीने येतात, आणि पाचही एकाच रूपात आहेत. ग्रीक व्याकरणात त्या रूपाला ‘अओरिस्ट’ म्हणतात. क्रिया एक अखंड घटना म्हणून मांडणारे ते रूप आहे. पतनवाचक धातुसाधित या मालिकेतील शेवटचे. त्यापूर्वी ‘जर’ या अर्थाचा शब्द नाही. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘जर’ अवतरला, आणि घडलेली म्हणून मांडलेली गोष्ट केवळ कल्पित शक्यता होऊन बसली. मराठीला ही अडचण पडू नये. ‘प्रकाश मिळालेल्या, रुची घेतलेल्या आणि मग पतित झालेल्या’ अशी ‘-लेला’ प्रत्ययाची साखळी मूळ रचनेशी जवळचे नाते राखते.

म्हणून पतनाची गोष्ट निव्वळ कल्पित आहे, हा युक्तिवाद वाक्यरचनेच्या बळावर टिकत नाही. परंतु विरुद्ध पक्षानेही येथेच थांबू नये. त्याच वाक्यात पुढे आणखी दोन धातुसाधिते येतात: ख्रिस्ताला पुन्हा क्रुसावर देणे आणि त्याची उघड अप्रतिष्ठा करणे. ही दोन्ही वर्तमानरूपे असून चालू क्रिया दर्शवितात. त्यांचा मुख्य विधानाशी संबंध कोणता? ‘ते तसे करीत असल्यामुळे’ अशक्य, की ‘ते तसे करीत असेपर्यंत’ अशक्य? ग्रीक धातुसाधित दोन्ही संबंध पेलू शकते आणि कोणताही एक उघड बोलून दाखवीत नाही. पहिला अर्थ घेतला तर दार बंद. दुसरा घेतला तर माणूस थांबेल त्या क्षणी ते उघडू शकते. संदर्भाचा कल पहिल्या अर्थाकडे अधिक आहे, कारण लगेच काटेकुसळे उगवणाऱ्या जमिनीचा दृष्टांत येतो. तथापि नवव्या ओवीत पत्रलेखक आपल्या वाचकांविषयी याहून चांगल्या गोष्टींची खात्री बाळगतो. चौथ्या शतकात अँब्रोझने या वचनाचा संबंध दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देण्याशी जोडला आणि प्रायश्चित्ताचे दार उघडे राखले. त्याचा हेतू करुणेचा असला, तरी वाक्यातून तो अर्थ सहज निघत नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता मुख्य क्रियापदाकडे वळावे. वाचविणे या अर्थाचे ‘सोझो’ हे ग्रीक क्रियापद पौलाच्या पत्रांत एकाच काळात वावरत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते पूर्णवर्तमानाच्या रूपात येते: क्रिया घडून गेली आहे आणि तिचा परिणाम टिकून आहे. मराठीतील ‘झाले आहे’ ही रचना याच्या बरीच जवळ जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तेच क्रियापद वर्तमानकालीन धातुसाधित आहे: ज्यांचे तारण होत आहे, असे लोक. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ते भविष्यकाळी आहे: तारण पुढे व्हावयाचे आहे. त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात अओरिस्ट रूप येते, पण त्याला लगेच आशेची जोड दिलेली आहे. झाले आहे, होत आहे, होईल. या तिन्ही विधानांत पौलाला विसंगती वाटत नाही.

पुढील काळातील मतपंथांनी जणू यांतील एकेक रूप निवडून घेतले. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने, एकदा नीतिमान ठरलेल्यांना पवित्र आत्मा गमावता येत नाही, हे मत धिक्कारले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठरविले की, प्राणघातक पापाने कृपा हरपते, श्रद्धा मात्र हरपतेच असे नाही, आणि प्रायश्चित्ताने ती कृपा पुन्हा लाभते. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० च्या आपल्या निवेदनात हा प्रश्न अधिक शोधासाठी खुला ठेवला. १६१८–१९ च्या डॉर्ट येथील परिषदेने मात्र निर्णय दिला की, ईश्वराने निवडलेले लोक गंभीर पापांत पडू शकतात, पण पूर्णपणे व अखेरचे पडत नाहीत. १७५१ मध्ये जॉन वेस्लीने याच विषयावर पुस्तिका लिहून उलट मत मांडले. एकाने ‘झाले आहे’ यावर भर दिला, दुसऱ्याने ‘होत आहे’ यावर. विसाव्या शतकात ‘एकदा तारण ते कायमचे तारण’ हे घोषवाक्य रूढ झाले. त्यात तर क्रियापदच उरले नाही. डॉर्टच्या सिद्धांतात निदान टिकून राहण्याची क्रिया आहे. घोषवाक्यात केवळ मालकी आहे.

दोन्ही पक्षांच्या तर्कातील एकेक दुबळे स्थान येथे दाखविणे आवश्यक आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, आपल्यातून निघून गेलेले लोक मुळात आपले नव्हतेच, अशा अर्थाचे विधान आहे. ते विशिष्ट लोकांविषयी आहे. शाश्वतीवादी त्याचा सर्वसामान्य नियम करतात; मग जो जो पडला त्याला तारण लाभलेच नव्हते, असे म्हणता येते. पण असा नियम कोणत्याही घटनेने खोटा ठरू शकत नाही, आणि आज उभ्या असलेल्या माणसाला तो कसलीही खात्री देत नाही, कारण उद्या तो पडल्यास आजची त्याची श्रद्धाही खोटी ठरेल. ज्या सिद्धांताचा सारा मोठेपणा आश्वासनात आहे, तो येथे आश्वासनच हिरावून घेतो. उलट बाजूस, योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मेंढरांचा नाश होणार नाही हे सांगताना ग्रीकमधील सर्वांत जोरदार दुहेरी नकार योजिलेला आहे. कोणी हिरावून घेणार नाही, पण मेंढरू स्वतः निघून जाऊ शकते, असा आर्मिनियन खुलासा हिरावण्याच्या वाक्याला लागू पडतो. नाश न होण्याच्या वाक्याला तो पुरत नाही. ही मेंढरे ऐकतात व मागे चालतात, असे लगतच्या ओवीत वर्तमानकाळात म्हटले आहे, तेथे त्या पक्षाला काहीसा आधार मिळतो, इतकेच.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गोव्यात राशोल येथे १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स याने पुराणांची परिचित परिभाषा स्वीकारली, ‘वैकुंठ’ हा शब्दही त्याने वर्ज्य मानला नाही. पुढे प्रॉटेस्टंट भाषांतरांतून ‘तारण’ हा शब्द रूढ झाला. दुसरीकडे, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचे नावच ‘मुक्ती’. हे शब्द समानार्थी मानले जातात, पण प्रस्तुत प्रश्नाला ते सारखी उत्तरे देत नाहीत. मुक्ती म्हटली की मराठी मनात परत न येण्याची कल्पना जागी होते. ब्रह्मसूत्रांचे अखेरचे सूत्र अनावृत्तीचेच आहे. उलट स्वर्ग गमावता येतो. पुण्य संपले की मर्त्यलोकी परतावे लागते, हे गीतेच्या नवव्या अध्यायाने सर्वांच्या परिचयाचे केले आहे. म्हणजे ‘मुक्ती गमावता येते काय’ हा प्रश्न मराठीत वदतोव्याघात ठरतो, आणि ‘स्वर्ग गमावता येतो काय’ याचे उत्तर आधीच ठरलेले असते. ख्रिस्ती कल्पना या दोहोंत बसत नाही. ती पुण्याने मिळविलेली नाही, म्हणून पुण्यक्षयाने संपत नाही. आणि ती ज्ञानाने झालेली बंधननिवृत्तीही नव्हे. ती एका व्यक्तीशी जडलेले नाते आहे.

‘तारण’ शब्द या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे, कारण त्यामागे ‘तरणे’ व ‘तारणे’ ही जोडी उभी आहे. पहिले अकर्मक, दुसरे प्रयोजक. तरणारा एक, तारणारा दुसरा. वैष्णव आचार्यांपुढेही असाच पेच होता. माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगते, मांजरीचे पिल्लू आई तोंडात धरून नेते. रामानुजांच्या परंपरेतील दोन शाखांचा मतभेद याच दोन न्यायांनी सांगितला जातो. तेथील प्रश्न कृपा कशी लाभते हा आहे, ती हरपते काय हा नव्हे. म्हणून हे साम्य फार ताणू नये. पण पकड कोणाची, हा दोन्हीकडील गाभा एकच आहे.

व्यवहारात मात्र तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू, आणि कर्ज थकले की ती बुडते. या अर्थावरून धर्मशास्त्रीय निष्कर्ष काढणे हास्यास्पद होईल. तरी बाजारातीलच एक शब्द पौलाने येथे योजिला आहे, हे लक्षणीय होय. पवित्र आत्म्याला तो ‘अर्राबोन’ म्हणतो. हा सेमिटिक व्यापाऱ्यांकडून ग्रीकमध्ये आलेला शब्द असून मराठीतील ‘विसार’ त्याला तंतोतंत जुळतो. विसार दिला म्हणजे सौदा पक्का झाला, पण पुरा झाला नाही. देणाऱ्याने शब्द मोडला तर विसार त्याचाच बुडतो. येथे विसार देणारा ईश्वर आहे. ‘झाले आहे’ आणि ‘होईल’ या दोन काळांमधील अंतर या एका शब्दाने भरून निघते, आणि त्यात घेणाऱ्याला बेफिकिरीचा परवाना मिळत नाही, तसेच रोजच्या धास्तीची शिक्षाही होत नाही.

व्याकरणाने वाद मिटत नाही. वादातील कोणते आधार पोकळ आहेत एवढे ते दाखविते. पतन हे कल्पित मानावयाचे तर पाचव्या धातुसाधिताची वाट लावावी लागते. शाश्वती नाकारावयाची तर दुहेरी नकाराची. प्रामाणिक वाचकाने दोन्ही तशीच राहू द्यावीत. धोक्याची सूचना जो अजून चालत आहे त्याला उद्देशून आहे, आणि आश्वासन जो दाराशी परत आला आहे त्याला. २५१ मध्ये सिप्रियनपुढे उभ्या असलेल्या माणसांना पहिले वाक्य ऐकविणे सोपे होते. त्यांना दुसरे ऐकण्याची गरज होती.