उंबरठ्याच्या आत परतलेली स्त्री : 'दोघी'च्या निमित्ताने

मराठी समांतर चित्रपटातील स्त्रीप्रतिमेचा विचार बहुधा जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'पासून (१९८२) सुरू होतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात सुलभा महाजन घर सोडते, आणि हे सोडणे म्हणजेच स्त्रीचे कर्तेपण, असे समीकरण समीक्षेत रूढ झाले. त्याची फेरतपासणी करायची, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दोघी' (१९९५) अधिक उपयोगी पडतो. त्यात प्रश्न परतण्याचा आहे.

सुलभाला जाता येते, कारण तिच्यापाशी शिक्षण आहे, पद आहे. तिच्या मुलीला सांभाळायला घरात जाऊबाई आहे. स्मिता पाटील यांच्या अभिनयाने या व्यक्तिरेखेला जे अंतर्मुख वजन दिले, त्याबद्दल दुमत नसावे. पण ज्या महिलाश्रमाची ती अधीक्षक होते, तेथील स्त्रिया पटकथेत कशासाठी येतात? त्यांचे पळून जाणे, त्यांचे परस्परांतील आकर्षण, आश्रमातील आत्मदहन, या सर्व घटना अखेर सुलभाच्या जाणिवेची इयत्ता वाढवतात. आश्रमवासिनींना दुःख आहे, निवेदनदृष्टी नाही. दोन स्त्रियांमधील ओढीकडे तर चित्रपट उपचाराचा विषय म्हणूनच पाहतो. वर्गात विद्यार्थी आता नेमके येथे अडतात, आणि त्यांचे अडणे रास्त आहे.

याच १९८२ साली कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालेला 'योल' हा तुर्की चित्रपट येथे शेजारी ठेवण्याजोगा आहे. यिल्माझ ग्युनेय यांनी त्याची पटकथा तुरुंगात लिहिली, दिग्दर्शन शेरीफ गोरेन यांनी केले. रजेवर सुटलेला कैदी सेयित अली घरी येतो, तेव्हा वेश्यागृहातून परत आणलेली त्याची पत्नी झीने माहेरच्यांनी साखळदंडात ठेवलेली असते. कुळाची अब्रू राखण्यासाठी त्यानेच तिचा शेवट करावा, ही अपेक्षा. बर्फातून होणारी ती चाल विसरता येत नाही. मात्र कॅमेऱ्याची आस्था झुकते ती सेयित अलीच्या तगमगीकडे. झीनेचे गारठणारे शरीर ही पुरुषाच्या नैतिक संघर्षाची रणभूमी ठरते. राजकीयदृष्ट्या निर्भीड असलेला चित्रपटही स्त्रीच्या बाबतीत करुणेपाशी थांबतो, याचे हे ठळक उदाहरण.

'दोघी'तील गौरीही अशीच 'बाटलेली' होऊन परतते. लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, वडील अंथरूण धरतात, गाव तिला अपशकुनी ठरवते आणि मामा तिला मुंबईला नेतो. पुढे काय घडले, हे चित्रपट दाखवण्यापेक्षा सूचित करतो. हा संयम निव्वळ अभिरुचीचा नव्हे. गौरीच्या शोषणाचे दृश्य प्रेक्षकाला न देता, त्या शोषणातून आलेला पैसा घरात कसा मुरतो, ते येथे दिसते. पैसा चालतो, मुलगी चालत नाही. धाकट्या कृष्णाचे लग्न ज्या आधारावर उभे राहते, त्या आधाराचे नाव घरात कोणी उच्चारत नाही. अब्रूची संकल्पना येथे धर्म वा रूढी यांच्या अमूर्त पातळीवरून उतरून घरखर्चाच्या हिशेबात येते. ग्युनेय यांच्यासारख्या वर्गजाणीव असलेल्या लेखकालाही झीनेच्या कथेत हे साधलेले नाही.

आणखी एक बदल महत्त्वाचा. 'योल'मध्ये निवाडा पुरुषांकडे आहे. येथे तो आईकडे. उत्तरा बावकर यांनी ही आई खलनायिका होऊ दिलेली नाही. गौरीला दूर लोटणारी तिची कठोरता भीतीतून येते. एक मुलगी गमावली, दुसरी तरी तरावी, असा तो कोरडवाहू हिशेब आहे. सोनाली कुलकर्णी यांची कृष्णा हा हिशेब नाकारते. रेणुका दफ्तरदार यांची गौरी बहुतेक काळ गप्प असते, पण ते मौन शरणागतीचे वाटत नाही. आपल्याला सगळे ठाऊक आहे, एवढेच ते सांगते.

'दोघी'चा शेवट मात्र मला जुना वाटतो. गौरीला स्वीकारणारा सुविचारी तरुण पटकथेने हाताशी ठेवला आहे आणि एकोणिसाव्या शतकापासून परिचित असलेला सुधारकी विवाहाचा तोडगा पुन्हा पुढे येतो. आई आणि मुलगी यांच्यात जे मिटायला हवे होते, ते विवाहाने झाकले जाते. विवाहाविना गौरीला त्या घरात जागा मिळाली असती का, हे विचारण्याचे धैर्य चित्रपटाने तोवर कमावले होते. पटकथेने ते वापरले नाही.