काळी होणं आणि काळा असणं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘मी कोण’ हा प्रश्न देकार्तपासून ह्यूमपर्यंत पाहिला. तिथे हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा खोलीत एकटा बसलेला असतो. शेगडीची ऊब असते, दार लावलेलं असतं, आणि तो स्वतःलाच विचारतो. आज हाच प्रश्न परक्या देशात, भर रस्त्यात, दुसऱ्याच्या तोंडून कसा येतो ते पाहायचं आहे. त्यासाठी मी तत्त्वज्ञानाचा ग्रंथ न घेता एक कादंबरी घेतली आहे: चिमामांडा न्गोझी अडिची यांची ‘अमेरिकाना’. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. अडिची मूळच्या नायजेरियाच्या, आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या. कादंबरीची नायिका इफेमेलू हीसुद्धा तशीच जाते. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनीही ऐकावं. गोष्ट मी लागेल तेवढी सांगत जाईन.

सुरुवात एका साध्या प्रसंगापासून करू. इफेमेलू नुकतीच अमेरिकेत आलेली आहे. तिची शाळेतली मैत्रीण गिनिका तिला कपड्यांच्या दुकानात घेऊन जाते. पैसे देताना गल्ल्यावरची बाई विचारते, तुम्हाला कुठल्या मुलीनं मदत केली? दुकानात मदतनीस मुली दोन, एक गोरी, एक काळी. गल्ल्यावरची बाई केसांची खूण विचारते, लांबीची विचारते, रंगाची विचारते. दोघींचे केस लांब आणि दोघींचे काळेच. फरक कशात आहे तो आंधळ्यालाही सांगता येईल, पण तेवढं एक सोडून ती बाकी सगळं विचारते. इफेमेलू बाहेर आल्यावर विचारते, सरळ का नाही विचारलं? गिनिका हसते. इथे काही गोष्टी दिसल्या तरी दिसल्या नाहीत असं दाखवायचं असतं, हा तिचा खुलासा.

आता आपल्याकडे पाहा. वर्तमानपत्रात आपण ‘कृष्णवर्णीय’ लिहितो. लग्नाच्या जाहिरातीत ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’, फार तर ‘सावळी’. ‘काळी’ हा शब्द छापील जाहिरातीत सापडत नाही, घराघरांत मात्र रोज ऐकू येतो. म्हणजे गल्ल्यावरची ती बाई आपल्या ओळखीची आहे. तिचं बोट धरूनच आपण आत जाऊ.

कादंबरीचं मुख्य विधान थोडक्यात असं. इफेमेलू नायजेरियात असताना काळी नव्हती. ती इग्बो होती, ख्रिस्ती होती, लागोसची होती, एका कारकुनाची मुलगी होती. अमेरिकेत उतरली आणि काळी झाली. हे होणं तिला शिकावं लागतं, एखादी भाषा शिकावी तसं. कॉलेजात नावनोंदणीच्या टेबलावरची बाई तिचे उच्चार ऐकून एकेक शब्द सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं बोलते. जिचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं ती मुलगी त्या क्षणी आक्रसते आणि अमेरिकन उच्चारांचा सराव सुरू करते. पुढे फोनवरचा एक विक्रेता तिची स्तुती करतो की तुम्ही अगदी अमेरिकनांसारख्या बोलता. ती त्याचे आभार मानते, फोन ठेवते, आणि आपण कशाबद्दल आभार मानले याची तिला लाज वाटते. ती ते उच्चार सोडून देते. केसांचंही तेच. नोकरीच्या मुलाखतीसाठी ती रसायन लावून केस सरळ करून घेते, टाळू भाजते, केस गळतात, शेवटी कापावे लागतात. मग ती स्वतःचे केस जसे आहेत तसे वाढवायला शिकते.

यात एक क्रम आहे. आधी एक स्वत्व आहे. मग त्यावर बाहेरून एक नाव येऊन पडतं. मग झगडा, आणि मग परत स्वत्वाकडे येणं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे फ्रान्झ फॅनन आठवेल. मार्टिनिक बेटावर वाढलेला हा तरुण फ्रान्समध्ये गेला, आणि एका लहान मुलानं घाबरून आईला त्याच्याकडे बोट दाखवलं. त्या बोटानं आपलं शरीर आपल्याच हातून कसं सुटलं, ते फॅननने १९५२च्या पुस्तकात लिहिलं आहे. फॅनन त्या वेळी प्रौढ होता. इफेमेलूही प्रौढ आहे. बोट दाखवलं जाण्याआधी दोघांनाही एक बालपण मिळालेलं आहे, ज्यात ते बोट नव्हतं.

इथे एक आक्षेप नोंदवतो. नायजेरियात वर्ण नव्हता हे विधान कादंबरीच पूर्ण खरं ठरू देत नाही. गिनिका मिश्र रक्ताची, उजळ रंगाची, म्हणून शाळेत मुलांमध्ये तिचा भाव जास्त. इफेमेलूच्या आत्याचा, उजूचा, पुढे एक नायजेरियन मित्र येतो, त्याचा चेहरा गोरेपणाच्या क्रीमनं उडालेला आहे. शिवाय इग्बो असणं म्हणजे काय, हे १९६७ ते १९७० या काळातल्या बियाफ्राच्या युद्धानं लाखो जिवांची किंमत घेऊन सांगितलं होतं. तेव्हा ‘तिकडे मी नुसती माणूस होते’ हे आठवणीतलं घर आहे. प्रत्येक स्थलांतरिताचं असतं. आपल्या न्यू जर्सीतल्या मंडळींचं पुणंही असंच आठवणीतलं असतं, त्यात जात नसते.

पण हा आक्षेप मला मुख्य वाटत नाही. मुख्य गोष्ट वेगळी आहे, आणि तिचं नाव डिके.

डिके हा उजूचा मुलगा. कळायला लागायच्या आत तो अमेरिकेत आला. तो अमेरिकन आहे, त्याचे उच्चार अमेरिकन आहेत, विनोद अमेरिकन आहेत. लहानपणी मुलांच्या शिबिरात सगळ्यांना उन्हाचं क्रीम लावलं जातं, आणि ताई त्याला सांगते, तुला गरज नाही. मोठेपणी शाळेच्या संगणकात कुणीतरी घुसखोरी करतं, संशय डिकेवर येतो. डिके हे सगळं हसून सांगतो. घरी आई त्याला बजावते, तू यांच्यासारखा काळा नाहीस. तिला त्याला वाचवायचंच आहे. अमेरिकन काळ्यांच्या वाट्याला जे येतं ते आपल्या पोराच्या वाट्याला येऊ नये, म्हणून ती एक शब्द दाराबाहेर ठेवते. आणि एक दिवस हा हसरा मुलगा गोळ्या खातो. तो वाचतो. इफेमेलू उजूवर चिडते, तेव्हा तिचा मुद्दा असा असतो की तू त्याला तो काय नाही ते सांगितलंस, तो काय आहे ते कधी सांगितलं नाहीस.

माझ्या मते सगळी कादंबरी या जागी येऊन उभी राहते. फॅननच्या जोडीला इथे दुसरा माणूस हवा, डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस. १९०३च्या पुस्तकात त्यांनी स्वतःची एक आठवण दिली आहे. मॅसॅच्युसेट्समधली शाळा, मुलं एकमेकांना भेटकार्डं देताहेत, आणि एक नवी मुलगी त्यांचं कार्ड घ्यायचं नाकारते. दु बॉइस तेव्हा लहान होते, आणि त्यांचं गाव तेच होतं. स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचं, ही ‘दुहेरी जाणीव’ त्यांना बालपणाबरोबरच मिळाली. इफेमेलू काळी होते, डिके काळा असतो, आणि हा फरक फक्त क्रियापदाचा नाही. जी होते तिला परतीचं तिकीट काढता येतं. ती तेरा वर्षांनी लागोसला उतरते आणि तिला वाटतं, आपलं काळेपण विमानातच राहिलं. डिकेही तिच्याकडे लागोसला येतो, रमतो, पण पाहुणा म्हणून. त्याला परतायचं आहे ते अमेरिकेला.

याच वर्षी, म्हणजे २०१३ सालीच, नोव्हायोलेट बुलावायो या झिंबाब्वेच्या लेखिकेची ‘वी नीड न्यू नेम्स’ आली. तिच्यातली डार्लिंग ही मुलगी मावशीकडे मिशिगनमध्ये येते. तिचा व्हिसा संपतो. परत गेली तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून आईला भेटायलाही जाता येत नाही. आता तिघं शेजारी उभे करून पाहा. इफेमेलूला घर आहे आणि वाटही आहे. डार्लिंगला घर आहे, वाट बंद आहे. डिकेचं दुसरीकडे घरच नाही. स्थलांतरिताची ओळख म्हणून आपण एकच शब्द वापरतो, पण हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

‘अमेरिकाना’बद्दल माझी तक्रार इथे आहे. या कादंबरीला अमेरिकेतल्या समीक्षक मंडळाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण डिकेच्या जागी आल्यावर ती फार वेळ थांबत नाही. पुढचा भाग लागोसचा, जुन्या प्रियकराच्या, ओबिन्झेच्या भेटीचा. ती प्रेमकथा सुंदर आहे. मला मात्र वाचताना सारखं वाटत राहिलं की दवाखान्यातून घरी आलेलं पोर मागच्या खोलीत आहे आणि आपण बैठकीत गप्पा मारतोय. कुणी म्हणेल, गोष्ट इफेमेलूची आहे, डिकेची नाही. मान्य. तरी ज्या बाईनं वर्णाबद्दल इतकं धारदार ब्लॉगलेखन केलं, तिच्या शहाणपणाची कसोटी घरातल्या या एका मुलापाशीच लागत होती.

आपल्या बाजूनं याला एक खरा दुवा आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी लिहिलं की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पुसली गेली होती. परतल्यावर नोकरीसाठी बडोद्याला गेले, तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. हा इफेमेलूच्या बरोबर उलटा प्रवास आहे. ती अमेरिकेत जे होते, ते यांनी अमेरिकेत गमावलं होतं. तिचं ओझं मायदेशी उतरलं, यांच्या डोक्यावर मायदेशानं ते परत ठेवलं. म्हणून भारतीय वाचकानं, विशेषतः माझ्यासारख्या सवर्ण वाचकानं, इफेमेलूशी पटकन नातं जोडताना जरा थांबावं. आपल्या समाजातला डिके कोण, हे आधी पाहावं.

शेवटी स्वतःचं सांगतो, कारण त्याशिवाय हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. नव्वदच्या दशकात पूर्व आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थी माझ्याकडे शिकत होता. खोली शोधत होता. मराठी येणारा कुणी बरोबर असावा म्हणून मी गेलो. फोनवर खोली रिकामी होती. दारात घरमालकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मला मराठीत म्हणाले, खोली गेली हो कालच. त्यानं मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, खोली काल गेली. एक अक्षर बदललं नाही. आणि तरी मी त्याच्याशी खोटं बोललो. आठवड्यानंतर तिथून जाताना ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. त्यानंही ती पाहिली असणार. तो काही बोलला नाही, मीही नाही. मला तेव्हा वाटलं, मी त्याला दुखापतीपासून वाचवतोय. उजूलाही तेच वाटत होतं.

त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं, यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. उत्तर फार मोठं नाही. ‘तू काळा आहेस म्हणून ते नाही म्हणताहेत, आणि ते चूक आहे,’ एवढंच. या वाक्यानं त्याला खोली मिळाली नसती. पण जे घडलं त्याला आम्हा दोघांत एक नाव मिळालं असतं, आणि ते एकट्यानं वागवायची वेळ त्याच्यावर आली नसती.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर घेतो.