उसनी कातडी

स्टाफरूममध्ये एका सवर्ण मित्राने जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांचे ‘ब्लॅक लाइक मी’ माझ्या हाती ठेवले. म्हणाला, “वाचा सर, अंगावर काटा येईल.”

काटा आला. १९५९ साली या गोऱ्या लेखकाने औषधे घेऊन, दिव्याखाली अंग भाजून, डोके भादरून आपली कातडी काळी करून घेतली आणि अमेरिकेच्या दक्षिणेत तो काही आठवडे हिंडला. लघवीला जागा नाही, प्यायला नळ नाही, आणि गोऱ्यांच्या डोळ्यांतला तो उघडा द्वेष. १९६१ साली पुस्तक निघाले. गावात त्याची प्रतिमा फासावर टांगली गेली, कुटुंबाला मेक्सिकोत जावे लागले. माणूस प्रामाणिक होता, याविषयी मला शंका नाही.

माझा आक्षेप वाचकावर आहे. रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ १९४० सालीच आली होती. जेम्स बाल्डविन लिहीत होते. काळे लोक जन्मभर जे सांगत होते ते गोऱ्याला पटले, पण गोऱ्याने सांगितल्यावर! सहानुभूतीलाही साक्षीदार स्वजातीचाच लागतो. पुढे ग्रिफिन यांनाही हे बोचू लागले होते.

आमच्याकडे तर हा प्रयोगच व्यर्थ. जात कातडीवर नसते, आडनावात असते. नोकरी लागल्यावर मी खोली शोधत होतो. घरमालकाने इस्त्रीचा शर्ट पाहून “या, बसा” म्हटले. आडनाव कळल्यावर खोली ‘कालच दिलेली’ निघाली.

मग सोबत करायची कशी? मला डिसेंबर १९२७ चे महाड आठवते. बाबासाहेबांनी आमच्या बायांना सांगितले, जातीची खूण सांगणारे नेसणे टाका, ते ढीगभर दागिने टाका. त्या वेळी लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना नव्या तऱ्हेने लुगडे नेसायला मदत केली. या दोघींनी आपले लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेतल्याचे कुठे वाचनात नाही. त्याची गरजही नव्हती. जे नेसणे जातीने आपल्यापुरते राखून ठेवले होते, ते त्यांनी दुसरीच्या अंगावर चढवले. माझी आजी गवताला जातानाही घोट्यापर्यंत नेसायची. बांधावरच्या बाया हसत. तिने ते वर घेतले नाही.

परवा पुस्तक परत केले. मित्राने विचारले, “कसे वाटले?”

मी म्हटले, “सर, तुमच्या घराची माडी अजून भाड्याने द्यायची आहे ना?”