स्वतःला कोंडून घेणारा घोडा

लंडन, १६ नोव्हेंबर २०१८. विश्वविजेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. पांढऱ्या मोहऱ्यांकडून मॅग्नस कार्लसन, काळ्यांकडून फॅबियानो कारुआना. ८० खेळ्या, बरोबरी.

शेवटाकडे कारुआनाकडे एक घोडा जास्त होता. ६८व्या खेळीला नॉर्वेतल्या एका महासंगणकाला काळ्याचा विजय दिसला. आधी उंट एच४वर, मग घोडा जी१वर. म्हणजे जिंकायला निघालेल्यानं आपलाच घोडा पटाच्या टोकाला नेऊन कोंडायचा! पुढं पांढऱ्यावर चाल करायची सक्तीच उलटते, आणि शेवटी मात.

हा डाव मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला, शेजारी इंजिनचा आकडा ठेवून. आकडा उडी मारून खाली आला आणि मी कारुआनाला मूर्खात काढलं. नंतर आकडा झाकून, खरा पट मांडून तोच डाव खेळून पाहिला. जी१ माझ्या डोक्यातही आलं नाही. दिसली ती कार्लसनची चिकाटी. घोडा गमावूनही त्यानं उरलेल्या उंटावर आणि प्याद्यांवर तटबंदी उभी केली होती.

त्या लढतीतले बाराही डाव बरोबरीत सुटले, तेव्हा ‘कंटाळवाणं’ म्हणणारे पुष्कळ होते. मला वाटतं, आपण डाव वाचतच नाही, निकालाचा आकडा वाचतो. ‘चुकलेला विजय’ हे या डावाचं अर्धवट वर्णन आहे. दोन माणसांना जेवढं दिसू शकत होतं, तेवढं सगळं या बरोबरीत आहे.