ठरावाचे वाङ्मय

दलित साहित्याच्या समीक्षेने आजवर अनुभूतीचा प्रश्न लढविला, भाषेचा लढविला, बांधीलकीचा लढविला. सौंदर्यशास्त्र कोणाचे, हे तर आपण इतक्यांदा विचारले की आता विद्यार्थी ते परीक्षेत पाठ लिहितात. पण ज्या गद्याने आपल्या वस्तीचे पाणी, रस्ता, संडास आणि स्मशान ठरते, त्या गद्याकडे आपण वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही. मी नगरपालिकेच्या इतिवृत्ताविषयी बोलतो आहे. त्याची बांधणी ठरलेली असते. विषय क्रमांक, टिपणी, सूचक, अनुमोदक, आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. ह्या पाच पायऱ्यांत एका वस्तीचे भवितव्य मावते. पुस्तकाच्या दुकानात हे गद्य मिळत नाही, म्हणून ते कमी दर्जाचे ठरत नाही. फुल्यांच्या काळी नोकरशाहीचे जे लिखाण शेतकऱ्याला वाचता येत नव्हते त्याच्याच घराण्यातले ते आहे.

मराठी राजकीय कादंबरीनेही ह्या दालनात फारसे पाऊल टाकलेले नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्या कादंबऱ्या आपल्याला मुख्यमंत्र्याच्या दालनापर्यंत नेतात. वाचकाला सत्ता म्हणजे तेवढीच वाटू लागते. उलट ‘गोलपिठा’ (१९७२) किंवा ‘बलुतं’ (१९७८) उघडा. तिथे सत्ता दालनात नसते. ती नळाच्या तोटीशी, उकिरड्याशी, गटारीशी भेटते. आपल्या लेखकांनी निर्णयाचे खालचे टोक लिहिले आणि ते अस्सल लिहिले. वरचे टोक मात्र कोणीच लिहिले नाही, आणि आपण समीक्षकांनी त्याची उणीवही कधी नोंदविली नाही. गटारीचे वर्णन आपण ‘भीषण वास्तव’ म्हणून वाचतो. ती गटार त्याच जागी कोणत्या सभेत ठरली, हा प्रश्न साहित्यबाह्य मानतो. ही विभागणी कोणी केली? प्रस्थापित समीक्षेनेच. आपण ती निमूटपणे स्वीकारली.

महाडपासून सुरुवात करू, कारण महाडचा सत्याग्रह आपण सर्वांना सांगतो पण महाडचा ठराव क्वचितच वाचतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव केला, की अस्पृश्यांनी चवदार तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही.

‘हरकत नाही’ ह्या दोन शब्दांवर थांबा. त्यांत हक्क दिलेला नाही, फक्त हरकतीचा अभाव नोंदविलेला आहे. तळ्यावर कोणी अडविले तर पालिका काय करील, ह्याविषयी वाक्य मूक आहे. त्याला कर्ता आहे, क्रिया नाही. असे वाक्य लिहिणाऱ्याला पुरोगामित्वाचे श्रेय मिळते आणि त्याची किंमत मोजावी लागत नाही. (सुरबानाना टिपणीसांसारखी माणसे ह्याला अपवाद. त्यांनी किंमत मोजली, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे.) तीन वर्षे तो ठराव दप्तरात सुखाने नांदला. तळ्याचे पाणी होते तसेच राहिले. मधल्या काळात, १९२६ साली, बोले ह्यांना पुन्हा ठराव आणावा लागला, की जी नगरपालिका हे अमलात आणणार नाही तिचे अनुदान बंद करावे. म्हणजे पहिल्या ठरावाची भाषा पोकळ आहे हे ठराव आणणाऱ्यालाच कळून चुकले होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीने १९२४ च्या वाक्याला प्रथमच अर्थ आला. आणि अर्थ येताच काय झाले? दंगल झाली, पंचगव्याने तळ्याची शुद्धी झाली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोगच असावा; पण इतिहासाला कधीकधी कादंबरीकाराहून अधिक उपरोध सुचतो.

समीक्षेच्या दृष्टीने ह्या रद्दबातलीचे मोल फार मोठे आहे. जो ठराव कोणी वापरला नाही तो रद्द करण्याची गरज कोणालाच पडली नव्हती. वापरला, तेव्हाच तो धोक्याचा ठरला. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला, आणि खटला मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. दहा वर्षे, एका ओंजळीसाठी. तोही निकाल अस्पृश्यता अन्याय आहे म्हणून लागला नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून लागला. तळे नगरपालिकेचे आहे की खाजगी, हा त्या खटल्यातला कळीचा वाद होता. म्हणजे प्रश्न फिरून पुन्हा पालिकेच्या दप्तरापाशीच येतो.

दुसरे एक दप्तर पुण्याचे आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. एकट्या जोतीरावांनी विरोधी मत दिले. ते पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, हे त्यांचे म्हणणे. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. आपल्या व्यासपीठांवर हा प्रसंग बाणेदारपणाची कथा म्हणून सांगितला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या एका मतामुळे त्या दिवशीच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिता आला नाही. ‘सर्वानुमते’ हा ह्या गद्यातला सर्वांत खोटा शब्द आहे. त्यात वाद गडप होतो, भीती गडप होते, सौदा गडप होतो. उरते ती एकमुखी निवेदनशैली, जिच्यात बोलणारा माणूसच सापडत नाही. जोतीरावांनी त्या निवेदनात एक फट पाडली. मंडईवर मोठा खर्च करण्यापेक्षा शिक्षणावर करा, असाही त्यांचा आग्रह होता. ती मंडई झालीच, १८८६ मध्ये गव्हर्नर रे ह्यांच्या नावाने उघडली, आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते! विरोध पचविण्याची ही आपल्याकडची जुनी रीत. माणसाचे मत फेटाळायचे आणि नाव इमारतीला द्यायचे.

नावांवरून आठवले. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, हा हेतू. निर्णयाला माझा विरोध नाही. ‘महारवाडा’ हा पत्ता अर्जावर लिहिताना हात कसा आखडतो ते मी अनुभवले आहे. पण समीक्षकाने विचारले पाहिजे, की नाम बदलले, क्रियापद बदलले काय? पाणी ‘सोडण्यात येईल’, गटार ‘साफ करण्यात येईल’, हे भविष्यकाळी कर्मणी प्रयोग समतानगरातही तसेच आहेत. विशेषण तर आणखी घातकी. ‘अनधिकृत’ हे एकच विशेषण घ्या. मुंबईत १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना ह्या एका विशेषणाच्या बळावर पाणी नाकारले जात होते. १५ डिसेंबर २०१४ रोजी उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो. बरोबरीचा हक्क मात्र त्या निकालानेही मान्य केला नाही. १९२४ ची ‘हरकत नाही’ आणि २०१४ चे हे ‘द्या, पण’ ह्यांच्यात भाषिक अंतर किती, ते वाचकांनी मोजावे.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्याशिवाय वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी आई एका नगरपालिकेत झाडूवाली होती. त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. आमच्या वस्तीला लागून एक मोकळी जागा आहे. विकास आराखड्यात ती वाचनालयासाठी राखीव. वाचनालय कधी झाले नाही, पण जागा आमची होती. चौदा एप्रिलचा मांडव तिथे पडतो. पोरे तिथेच खेळतात, आणि दहावीची पोरे रात्री पालिकेच्या दिव्याखाली तिथेच अभ्यासाला बसतात. मीही बसलो. दोन वर्षांपूर्वी तिथे मोजणीची माणसे आली तेव्हा कळले, की ते आरक्षण बदलून व्यापारी संकुल करण्याचा ठराव केव्हाच झाला आहे. माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत काढली. विषय सभेच्या विषयपत्रिकेत नव्हताच. तो ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून घेतला होता. सर्वानुमते मंजूर. आणि अनुमोदक म्हणून नाव होते आमच्याच वॉर्डातून राखीव जागेवर निवडून आलेल्या सभासद बाईंचे. त्या आईबरोबर एकाच रस्त्यावर झाडू मारीत. मी त्यांना मावशी म्हणतो.

रागाने मी त्यांच्या घरी गेलो. प्रत पुढे टाकली. त्यांनी ती हातात घेतली नाही. म्हणाल्या, “मास्तर, मला म्हनले हितं सही करा, इकासाचं काम हाय. मी केली. पर तुमी तर रोज पेपर वाचता. जाहीर नोटीस पेपरात आली व्हती म्हनं. तुमास्नी न्हाई दिसली, तर मला कशी दिसावी?”

नोटीस खरेच आली होती. नगररचना कायद्याप्रमाणे असा बदल करताना वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि हरकतींसाठी एक महिना ठेवावा लागतो. मी ग्रंथालयात जाऊन तो अंक काढला. आतल्या पानावर, हरवलेल्या कागदपत्रांच्या आणि नाव-बदलाच्या जाहिरातींच्या मध्ये, मुंगीएवढ्या टायपात ती होती. तीत आमच्या वस्तीचे नाव नव्हते. वाचनालय हा शब्द एकदा होता. बाकी सगळे आरक्षण क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, चौरस मीटर. मी मराठी विषयाचा अध्यापक, प्रतिमा आणि प्रतीके उलगडण्याचा पगार घेतो, आणि माझ्या घराशेजारची जागा त्या आकड्यांत मला ओळखता आली नसती. शिवाय खरे सांगायचे तर मी तो अंक त्या दिवशी घरी वाचला होता. पुरवणीतला दलित कवितेवरचा लेख वाचून बाजूला ठेवला होता.

म्हणून मावशींना दोष देणे मला जमत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने (ती १९९३ मध्ये अमलात आली) आपल्या माणसांना सभागृहात राखीव खुर्ची दिली. खुर्चीपुढे जो कागद येतो तो वाचून दाखविणारा माणूस दिला नाही. तो माणूस आपण शिकलेल्यांनी व्हायचे होते. आपण चर्चासत्रे केली. चळवळीतले मित्र म्हणतील, की ही विकली गेलेली माणसे आहेत, त्यांची बाजू कसली घेता? काही विकली जातात, हे मला माहीत आहे. पण जी न वाचता सही करते आणि जी वाचून करते, त्या दोघींना एकाच शिवीत बसविणे ही आळशी समीक्षा आहे.

मी महाविद्यालयात एक प्रयोग सुरू केला. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आपापल्या गावच्या पालिकेच्या सभेचे इतिवृत्त मिळवून त्यावर उतारा-विश्लेषण लिहायला सांगितले, जसे आपण कवितेवर लिहितो. निवेदक कोण? कर्ता कुठे लपला आहे? कोणते क्रियापद कोणाच्या वाट्याला आले आहे? विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “हे नागरिकशास्त्र झाले, साहित्य कुठे?” मुलांनी जे आणले ते पाहून मात्र तेही गप्प झाले. एका मुलीने दाखविले, की तिच्या गावच्या इतिवृत्तात बाजारपेठेतल्या कामांना ‘करणे’ आणि दलित वस्तीतल्या कामांना ‘विचार करणे’ हे क्रियापद वापरले आहे. एवढे बारीक मला आजवर कोणा पीएच.डी.च्या प्रबंधात आढळले नाही.

आमच्या जागेच्या बाबतीत महिना उलटून गेला होता. तरी अशा बदलाला शेवटची मंजुरी शासनाची लागते, म्हणून आम्ही उशिराची हरकत शासनाच्या नगररचना विभागाकडे पाठविली. मसुदा मी लिहिला. समाजमंदिरात तो वाचून दाखविला तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी थांबविले. म्हणाले, “लेकरा, ह्यात आपल्या वस्तीचं नाव कुठंय?” मी सवयीने पालिकेचीच भाषा लिहिली होती, आरक्षण क्रमांक, सर्व्हे नंबर. कागद परत घेतला आणि पहिल्या ओळीत वस्तीचे नाव घातले. त्याखाली मांडवाच्या, अभ्यासाला बसणाऱ्या पोरांच्या आणि दिव्याच्या ओळी घातल्या. सह्या आणि अंगठे एकशे बारा झाले. मावशींनी शेवटी सही केली, पण आधी सगळा अर्ज दोनदा वाचून घेतला, आणि एका ठिकाणी ‘विनंती’ हा शब्द खोडायला लावला.

अर्जाची पोच आली आहे. उत्तर अजून नाही. जागेवर कुंपणाचे खांब उभे आहेत, तार लागलेली नाही.