बंद वाड्यांचं भय

नोबुहिको ओबायाशी यांचा 'हाउसु' हा १९७७चा जपानी चित्रपट पाहिलेल्यांत सरळ दोन तट पडतात. एका तटाला तो पोरखेळ वाटतो: पियानो मुलीला गिळतो, आडातून कलिंगडाच्या जागी मुंडकं वर येतं, भिंतीवरच्या चित्रातलं मांजर रक्त ओकतं. दुसऱ्या तटाला हाच पोरखेळ झोपू देत नाही. जपानातही असंच झालं होतं. समीक्षकांनी नाकं मुरडली आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांनी चित्रपट चालवला. 'जॉज'सारखं काहीतरी हवं म्हणून तोहो कंपनीने जाहिरातपट करणाऱ्या ओबायाशींना विचारलं आणि त्यांनी आपल्या लहान मुलीला कशाकशाची भीती वाटते ते ऐकून चित्रपट रचला. म्हणून तो मोठ्यांना वेडगळ वाटतो.

पण त्या वेडगळपणाच्या तळाशी एक बाई बसलेली आहे. सात मुली सुट्टीत ज्या मावशीच्या घरी जातात, तिचा वाग्दत्त वर युद्धावर गेला तो परतला नाही. वाट पाहता पाहता ती मेली, तरी वाट पाहणं थांबलेलं नाही. आता घर लग्नाआधीच्या मुलींना खातं. मावशीची ही हकीकत मुली एखादा जुना मूकपट पाहावा तशी पाहतात, आणि अणुबॉम्बचा ढग दिसताच त्यांतली एक म्हणते की हे तर म्हातारीच्या केसांसारखं दिसतंय. ओबायाशी हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीचे, जन्म १९३८चा. बॉम्बमध्ये त्यांचे बालमित्र गेले. विसरलेल्या पिढीला न विसरलेलं घर गिळतं, हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. मांजर, पियानो हा सगळा वरचा रंग.

ताकाशी शिमिझु यांचा 'जु-ऑन' (२००२) बाहेरून अगदी उलटा. रंग नाहीत, गाणी नाहीत, तोक्योतलं एक साधं दुमजली घर. नवऱ्याने मारलेल्या बाईचा राग त्या घरात साचलेला आहे आणि उंबरा ओलांडणाऱ्या कुणालाही तो सोडत नाही, मग त्याचा गुन्ह्याशी संबंध असो वा नसो. मांत्रिक येत नाही, शांत होत नाही, कारण सांगून सुटका होत नाही. आपल्याकडचा प्रेक्षक इथेच अडखळतो. बिदर-कलबुर्गीकडच्या मित्रमंडळींत या चित्रपटाची गोष्ट निघाली की पहिली तक्रार एकच असते: "शेवटी काही झालंच नाही." ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. तिच्यात आपल्या भयपटांनी लावलेली सवय बोलते.

ही सवय आम्हाला दोन-तीन भाषांतून लागली. कर्नाटकातल्या आमच्या सीमाभागात मराठी चित्रपट क्वचित लागतो. भालकीचा माणूस त्यासाठी उदगीर गाठतो, आळंदचा सोलापूर. बाकी पडद्यावर कन्नड, हिंदी, तेलुगू. त्यामुळे झपाटलेलं घर म्हटलं की इथल्या प्रेक्षकाच्या मनात रामसे बंधूंची हवेली येते आणि तितक्याच ठळकपणे २००४चा कन्नड 'आप्तमित्र' येतो. मल्याळम 'मणिचित्रताळ'वरून बेतलेला हा चित्रपट इथे तोंडपाठ असलेले लोक आहेत. अभिनेत्री सौंदर्या हिच्या शेवटच्या भूमिकांपैकी एक, विष्णुवर्धनचा डॉक्टर. कुलूपबंद खोलीतली नर्तिका शेवटी रोग्याच्या मनातली निघते आणि डॉक्टर तो रोग बरा करतो. रचना म्हणून हे फार हुशार आहे. पण घर मात्र निर्दोष सुटतं. राजवाड्यात खरोखर एका बाईचा जीव गेला होता, तिचं काय, हा प्रश्न उपचाराच्या टाळ्यांत बुडून जातो.

मराठीतही बऱ्याच अंशी तेच. मराठी भयकथेचा आधारस्तंभ म्हणजे नारायण धारप. त्यांच्या 'समर्थ' कथांनी वाचकाला एक जाणता त्राता दिला आणि अनेकांना त्या त्रात्याशिवाय भुताची गोष्ट अपुरी वाटू लागली. महेश कोठारे यांच्या 'पछाडलेला'ने (२००४) वाड्यातल्या भुताला विनोदात घेतलं. दिलीप प्रभावळकरांचा इनामदार लोकांना अजून आवडतो आणि मलाही. मात्र इनामदार हा शब्द मराठवाड्यात, इथल्या निजामी मुलखात कसल्या आठवणी जागवतो, याच्याशी चित्रपटाला देणंघेणं नव्हतं. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली घराघरात पोचली ती नाईकांच्या वाड्यामुळे. भाऊबंदकी, वाटणी, बापाची पापं यांचं तिचं भान पक्कं होतं. रोजच्या भागाच्या ओढीपायी ते विरळ होत गेलं.

दोन चित्रपटांनी वाट बदलली. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) हवेली नाही, उसाच्या फडात एक बैठं घर आहे. भीती अंधारातून येत नाही, भर उन्हात उसाच्या सरींतून येते. वाट हरवलेली गरोदर नेहा आणि तिच्याशी खेळणारी पोरं. घरात मारल्या गेलेल्या मुलींचा हिशेब तिथे मागितला जातो. पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी तो ताण कुठेही नाटकी होऊ दिला नाही. शेवटाकडे चित्रपट फार समजावून सांगतो, हा त्याचा दोष. हिंदीतल्या 'छोरी'त (२०२१) तो आणखी वाढला. दुसरा राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). भाषा हिंदी, पण हाडामांसाने मराठी. पावसात कुजणारा वाडा, साखळदंडातली म्हातारी, बापाकडून मुलाकडे जाणारी हाव. आणि १९४७ नंतर सरकार जमीन ताब्यात घेतं तेव्हा संपणारी एक जमीनदारी. पहिल्या वेळी थोड्यांनीच पाहिलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. 'हाउसु'लाही अमेरिकेत चित्रपटगृहं मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला होता. प्रेक्षकाला दोष देणाऱ्यांनी हे दोन्ही दाखले डोळ्यांपुढे ठेवावेत.

मला जे म्हणायचं आहे ते इथून पुढे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत वाड्यांची, गढ्यांची उणीव नाही. ढाळज, माळवद, धान्याची पेवं, भिंतीतली बळदं, परसात बुजवलेला आड. कित्येक दारांना पिढ्यान् पिढ्या कुलूप आहे. काही वाडे पुण्या-हैदराबादला गेलेल्या मुलांमुळे बंद पडले. पण काहींचं कारण १९४८ हे आहे. त्या मे महिन्यात बसवकल्याणजवळच्या गोरट्यात निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी हत्याकांड केलं. सप्टेंबरात निजामाच्या राज्यावर भारताची पोलीस कारवाई झाली आणि मग गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ लागलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही. १९५६मध्ये उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, भालकी-औराद-बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले, आणि आमची सगळी बोलणी सीमेची झाली. घरांविषयी बोलणं मागे पडलं.

आजही एखाद्या पडक्या वाड्याजवळून जाताना म्हातारी माणसं "तिकडं जाऊ नका" एवढंच सांगतात. मुलं समजतात मुंजा असेल. मुंजाच्या आड कुणाचं घर लुटलं गेलं, आडात कुणी उडी घेतली, मागाहून त्या घरात कोण राहायला आलं, हे झाकलं गेलं आहे. ओबायाशींना जसं घर हवं होतं तसं हे घर आहे. तरीही त्याच्यावरचा एकही भयपट माझ्या पाहण्यात नाही. रझाकारांवर चित्रपट झाले, ते लढाईचे. त्यांत कोण वीर आणि कोण खलनायक हे आधीच ठरलेलं असतं. दिग्दर्शक एम. एस. सथ्यू 'बर' या कन्नड चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी बिदरला आले, दुष्काळाची गोष्ट घेऊन. 'गर्म हवा'मध्ये हवेली सोडायला नकार देणारी म्हातारी ज्याने उभी केली, त्याच दिग्दर्शकाने इथल्या हवेलीत कॅमेरा नेला असता तर, असं मला फार वाटतं.

अशा चित्रपटात मांत्रिक चालणार नाही आणि मानसोपचारतज्ज्ञही नाही. 'जु-ऑन'ची बेफिकिरीही पुरी पडणार नाही, कारण तिथला राग एका घरातल्या नवरा-बायकोचा आहे. इथे मारणारे आणि मेलेले दोन्ही बाजूंचे आहेत आणि त्यांची नातवंडं एकाच बाजारात भाजी घेतात. भुताचा धर्म कोणता, हे कळताक्षणी अर्धा प्रेक्षक उठून जाईल किंवा शिट्ट्या वाजवील. तेव्हा ते न सांगता भीती उभी करण्याचं कसब लागेल. त्या घरातले आवाज मराठीत, कन्नडात आणि दखनीत यावे लागतील, तेही पुण्यातल्या नटाला शिकवलेल्या वळणाचे नकोत. औराद-आळंदकडे एका वाक्यात तिन्ही भाषा येतात तसे हवेत. आणि त्या दिवसांची स्वतःची आठवण असलेली माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. पटकथा लिहिणाऱ्याने आधी त्यांच्या ढाळजेत येऊन बसावं.