अनुशेषाची मोजणी आणि शासनाची भूमिका : दांडेकर समितीच्या अहवालाचे पुनर्मूल्यांकन

मराठवाड्याच्या आर्थिक मागासलेपणाच्या चर्चेत प्रा. वि. म. दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल आधारभूत मानला जातो. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य इत्यादी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, हे समितीने मोजले व ती तूट भरून काढण्याचा खर्च मांडला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये व त्यात मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी रुपये ठरला. प्रादेशिक तक्रारीला आकड्यांचा आधार मिळाला, हे या अहवालाचे निर्विवाद श्रेय होय.

मात्र या पद्धतीत शासन ही केवळ खर्च करणारी यंत्रणा ठरते. आर्थिक इतिहास याहून व्यापक भूमिका दाखवितो. निजामाच्या राजवटीत 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग झाला व जालन्याच्या कापूस व्यापाराला बळ मिळाले. 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले. 1963 मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळ स्थापन झाले, तर 1966 मध्ये बियाणे अधिनियम संमत झाला. याच काळात, 1964 मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको कंपनी सुरू केली. त्यांची उद्यमशीलता वादातीत आहे. परंतु संकरित वाणांवरील सार्वजनिक संशोधनाशिवाय तिला एवढा वाव मिळाला नसता. अनुशेषाच्या कोष्टकात अशा निर्णयांना स्थान नाही.

दुसरी मर्यादा जिल्हा हे एकक मानण्याची. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारखी, लोहमार्गापासून दूर व प्रामुख्याने कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेली गावे आणि उद्योगांचे जालना शहर एकाच सरासरीत मिसळतात. जिल्ह्याचा अनुशेष भरून निघाला तरी गावाचा शिल्लक राहू शकतो.

1994 मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. तत्पूर्वी 2013 मध्ये केळकर समितीला हाच प्रश्न पुन्हा तपासावा लागला. तात्पर्य, 'निधी किती मिळाला' या प्रश्नाइतकाच 'कोणत्या शासकीय निर्णयाने कोणाची बाजारपेठ घडली' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर महसुली दप्तरे व बाजार समित्यांच्या नोंदींत शोधावे लागेल. ग्रामीण महाविद्यालयांतील अभ्यासक या साधनांच्या सर्वांत जवळ आहेत. ती जबाबदारी त्यांनी स्वीकारावयास हवी.